कुडचडे येथील घराचे बिडाचे कठडे आणि रंगीत काचा: विकाव्यात की राखाव्यात?

माटोळी (प्रश्न)

नमस्कार. कुडचडे येथे आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. रेल्वे आल्यानंतर पणजोबांनी सुपारी आणि नारळाच्या व्यापारातून ते बांधले, असे घरात सांगतात. मागची बाजू गोव्यातील कोणत्याही जुन्या हिंदू घरासारखी आहे. मध्ये राजांगण, त्यात तुळशी वृंदावन, चारी बाजूंना पडवी, देवघर, बाळंतिणीची काळोखी खोली, पलीकडे न्हाणी. रस्त्याकडील बाजूचा थाट मात्र अगदी निराळा आहे. वरच्या मजल्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सडपातळ खांब, त्यांच्यामध्ये वेलबुट्टीचा कठडा, दारांच्या माथ्यावर अर्धगोल झरोके आणि त्यांत लाल, निळ्या व पिवळ्या काचा, दिवाणखान्यात नक्षीदार फरशी. कठड्याच्या प्रत्येक चौकटीत द्राक्षांचा एक घड ओतलेला आहे. आमच्या तालुक्यात द्राक्षे पिकत नसल्यामुळे लहानपणी आम्ही सगळी भावंडे त्याला सुपारीचा घोस समजत असू.

घरात सध्या मी, आई आणि मोठे बंधू राहतो. बाकीचे हिस्सेदार मुंबई, पुणे आणि आखाती देशांत आहेत. पश्चिमेकडील भिंतीचा गिलावा पोपडे धरून सुटत आहे आणि माडीच्या छपरातून दोन ठिकाणी पाणी येते. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन संपूर्ण कठडा, खांब आणि काचा यांची एकरकमी किंमत सांगून गेला. बंधूंचे म्हणणे असे की, ती रक्कम घ्यावी, छप्पर उतरवून स्लॅब घालावा आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर्षानुवर्षांची कटकट एकदाची संपवावी. कंत्राटदारही तेच सुचवतो. मला ते पटत नाही, परंतु 'सुंदर दिसते' याखेरीज माझ्याकडे युक्तिवाद नाही, आणि तेवढ्यावर घरातील माणसे ऐकत नाहीत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोर्तुगीज गोव्यात या व्हिक्टोरियन थाटाला काही आधार आहे, की ती केवळ श्रीमंतीची नक्कल होती? अशा घराला कायद्याचे काही संरक्षण मिळते का? आणि हातात पैसा मोजका असताना पावसाळ्यापूर्वी सर्वप्रथम काय करावे?

चिरेबंदी

माटोळीताई, मी मडगावात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. इतिहास आधी सांगतो, कारण त्याचा आपल्या निर्णयाशी संबंध आहे.

राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१, आपल्या गावात आला तो रुळांवरून. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेला जोडण्याचे ठरले. लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ही मीटरगेज वाहिनी बांधली आणि १८८८ साली कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग खुला झाला. सावर्डे नावाचे स्थानक प्रत्यक्षात कुडचड्यात आहे, आणि तेथील बाजार त्या स्थानकाच्या अंगाने वाढला. बीड, काच, फरशी यांसारखा जड व नाजूक माल घाटाच्या पायथ्यापर्यंत आणणे आता सोपे झाले. त्याच सुमारास मुंबईत नोकरी-व्यापार करणारे गोमंतकीय तेथील घरांचे सज्जे रोज पाहत होते. त्यामुळे आपल्या पणजोबांनी रस्त्याकडे मुंबई आणि आत राजांगण ठेवले, यात मला विसंगती दिसत नाही; व्यापारी माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे काय आणि घरातल्यांसाठी राखायचे काय, याचा तो सरळ हिशेब आहे. ख्रिस्ती वास्तूंतही हे वारे शिरले होते. १८७३ साली पूर्ण झालेले साळगावचे माय द देउश चर्च पाहावे. गोव्यातील इतर पांढऱ्या दर्शनी भागांमध्ये ते उंच टोकदार गोथिक मनोऱ्यांमुळे चटकन वेगळे ओळखू येते. तेव्हा नक्कल म्हणायचीच असेल तर ती गावोगावी झालेली, स्थानिक सुतार-गवंड्यांनी पचवलेली नक्कल आहे.

खांबांच्या तळाशी किंवा कठड्याच्या मागील बाजूस ओतीव अक्षरे आहेत का, ते रंगाचे थर जपून काढून पाहावे. ग्लासगोची सॅरासेन फाउंड्री छापील सूचिपत्रांतून असे खांब, कठडे आणि कारंजी जगभर विकत असे, आणि मालावर आपले नाव ओतत असे. नाव मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी मूल्य कमी होत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. इतक्या जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते, म्हणून कोरड्या पॉलिशपेपरने तो घासू नये. ती धूळ लहान मुलांना विशेष घातक असते.

आता मुख्य गोष्ट. तो व्यापारी ज्या वस्तू मागतो आहे त्या घराचा सर्वांत देखणा भाग आहेत, पण घर उभे आहे ते चिरा, चुना आणि छपरावर. चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड आहे. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा हे पाणी थोडेथोडके नसते. चुन्याचा गिलावा त्याला बाहेर पडू देतो. सिमेंटचा गिलावा ते आत कोंडतो, मग ओल जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे बहुधा घराच्या आतील बाजूने, बाहेर येते आणि भिंतीला लोणा लागतो. आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर यापूर्वी कधी सिमेंटची डागडुजी झाली आहे का, ते विचारून पाहावे. माझा संशय तिथेच आहे. ओल्या भिंतीत रुतलेले कठड्याचे खिळे आणि पट्ट्या गंजतात, गंजताना फुगतात आणि चिरा फोडतात. मग लोक म्हणतात, कठडा धोकादायक झाला, काढून टाका. प्रत्यक्षात दोष कठड्यापासून चार हात वर, छपरात असतो.

स्लॅबविषयी एवढेच सांगतो की, १० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो होते, तर मंगळुरी कौलांचे साधारण ४० किलो. शंभर वर्षे ४० किलो पेललेल्या चुन्याच्या भिंतीवर २५० किलो ठेवायचे असतील, तर आत काँक्रीटचे खांब उभे करावे लागतात, आणि ते उभे करताना जुने घर केवळ बाहेरच्या सालीपुरते उरते. बंधूंनी कंत्राटदाराकडून त्या खांबांसह अंदाजपत्रक मागवावे. तो आकडा माझ्यापेक्षा चांगला युक्तिवाद करील.

मळ्यातला रहिवासी

वरील प्रतिसादातील तांत्रिक भागाशी सहमत. माझी तक्रार 'सुंदर दिसते' या मुद्द्याशी आहे. मी पणजीत, फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या अलीकडे राहतो. आमच्या गल्ल्यांचे सौंदर्य आता इतके प्रसिद्ध झाले आहे की, सकाळी दार उघडले की उंबऱ्यावर कोणी अनोळखी माणूस छायाचित्रासाठी बसलेला असतो, आणि घरोघरी 'छायाचित्रे काढू नयेत' अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. संरक्षित विभागाचे नियम इमारतीची उंची आणि दर्शनी रूप सांभाळतात, ते आवश्यकही आहे. पण घराच्या आत कोण राहते याची काळजी नियम करीत नाहीत. मुखवटा जसाच्या तसा ठेवून आतून खोल्याखोल्यांचे हॉटेल झालेली घरे मी पाहिली आहेत. तेथे कठडा आहे, काचा आहेत, आणि संध्याकाळी दिवा लावणारे कोणी नाही.

म्हणून ताई, आपण घर जगाला दाखवण्यासाठी राखू नये. आपल्या आईंना जिना चढता येत नसेल तर खाली न्हाणीघर सुधारून घ्यावे, स्वयंपाकघरात ओटा करावा, विजेच्या तारा बदलाव्यात. यापैकी कशानेही वारशाला बाधा येत नाही. गैरसोयीचे घर पुढची पिढी ठेवत नाही, मग त्याला कितीही द्राक्षांचे घड असोत. आणि कुटुंबाला खरोखरच झेपत नसेल तर संपूर्ण घर, ते जसे आहे तसे राखणाऱ्याला विकणे यातही मला कमीपणा वाटत नाही. तुकडे तुकडे करून विकणे मात्र वाईट, कारण पदरी एकदाच रक्कम पडते आणि नंतर ते घर घेणाऱ्यालाही त्यात काही उरत नाही.

रंगाविषयी एक आगंतुक सूचना. हल्ली 'हेरिटेज' म्हटले की भडक जांभळा किंवा पोपटी प्लॅस्टिक रंग फासण्याची साथ आली आहे. जुना रंग म्हणजे चुन्याच्या निवळीत मिसळलेली काव, पिवळी माती किंवा नीळ. पावसाने तो फिका पडतो आणि दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. पण तो भिंतीचा श्वास बंद करीत नाही. आपल्या राजांगणाच्या भिंतींवर कोठे कावीचे नक्षीकाम दडलेले असेल तर रंगाऱ्याला तिकडे फिरकू देऊ नये.

सनद आणि सातबारा

माझा व्यवसाय वकिलीचा. संरक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आहे. केवळ जुने आहे म्हणून कोणत्याही खासगी घराला कायद्याचे कवच मिळत नाही. राज्याचा १९७८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा अधिसूचित स्मारकांपुरता आहे, आणि नगरनियोजनातील संरक्षित विभागांचा लाभ त्या विभागांत येणाऱ्या घरांनाच होतो. मात्र व्यापाऱ्याच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने काही बोलतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमाच्या व्याख्येत, इमारतीपासून सुटी केलेली आणि किमान शंभर वर्षे जुनी वस्तूदेखील बसते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी त्या गृहस्थांना नम्रपणे परवान्याची प्रत मागावी. बहुतेक वेळा संभाषण तेथेच संपते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा हिश्शांचा आहे, आणि आपण तो एका वाक्यात उरकला आहे. गोव्यातील जुनी घरे पावसाने पडतात त्याहून अधिक वाटणी न झाल्याने पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो. पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक, मुलगे व मुली समान वारस, आणि निम्म्या संपत्तीवर त्यांचा हक्क मृत्युपत्रानेही हिरावून घेता येत नाही. तत्त्व म्हणून हे फार न्याय्य आहे. परंतु तीन पिढ्या इन्व्हेंटरी, म्हणजे मृत व्यक्तीच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची प्रक्रिया, झाली नाही की एका घराला तीस-चाळीस मालक होतात. त्यांतील प्रत्येकाचा हक्क असतो आणि कौले परतण्याचा खर्च कोणाचाच नसतो.

आपल्या घरात पणजोबांनंतर इन्व्हेंटरी झाली होती का, हे आधी शोधावे. नगर सर्वेच्या फॉर्म डीवर (मालकीच्या उताऱ्यावर) कोणाची नावे आहेत ते पाहावे. झाली नसेल तर २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली ती सुरू करता येते. त्या प्रक्रियेत वारसांमध्ये आपापसात बोली लावण्याची सोय आहे. ज्याला घर हवे आहे तो ते पूर्ण घेऊन इतरांना त्यांच्या हिश्शाची रक्कम देऊ शकतो. एखाद्या हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकायचे ठरवले तर सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. आणि हेही लक्षात असू द्यावे की, वाटणी झालेली नसताना आपले बंधू एकटेच कठडा विकू शकत नाहीत. तो कठडा मुंबईच्या आणि आखाती देशांतील भावंडांचाही आहे. हे त्यांना सांगताना वकिली सूर लावू नये, एवढा सल्ला विनामूल्य.

आवारात कोणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा, असल्यास १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. विक्री किंवा वाटणीच्या बोलण्यात तो विषय शेवटी नव्हे, आरंभी काढावा.

गिरगाव ते म्हापसा

मी मूळचा म्हापशाचा असून नोकरीची बरीच वर्षे मुंबईत गेली. तेथे १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे आणि इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. २०१८ साली फोर्ट व मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन गोथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीतही आला. अर्थात गिरगावातील आमच्या चाळीचा लाकडी जिना त्यामुळे कोणी दुरुस्त केला नाही. मोठ्या इमारतींना संस्था सांभाळतात. लहान गावातील एकट्या घराला मालकाशिवाय कोणी नाही.

मला फरशीबद्दल लिहायचे आहे, कारण तिच्याकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही आणि कंत्राटदार तिच्यावर चकचकीत टाइल चिकटवून मोकळा होईल. नक्षीदार फरशी दोन प्रकारची असू शकते. एक इंग्लंडहून आलेली भाजलेल्या मातीची, मिंटनसारख्या कारखान्यांची, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळते. दुसरी सिमेंटची, साच्यात रंग ओतून दाबयंत्राखाली घडवलेली. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्सने ही दुसऱ्या प्रकारची फरशी देशी माल म्हणून विकली. एखादी निखळलेली फरशी उलटून कडेने पाहावी. मातीची असेल तर खाली भाजलेले लालसर वा पिवळट अंग दिसेल, सिमेंटची असेल तर राखाडी अंगावर काही मिलिमीटरचा रंगाचा थर. दोन्ही प्रकारांवर आम्ल कधीही टाकू नये. सिमेंटच्या फरशीवर घासण्याचे यंत्र फिरवल्यास तो पातळ थर झिजतो आणि नक्षी कायमची जाते. माझ्या परिचितांच्या घरी असे झालेले पाहिले आहे. आता त्या खोलीत मधोमध राखाडी चट्टा आहे आणि त्यावर सतरंजी.

फरशी सिमेंटची निघाली तर ती नंतरच्या पिढीने घातली असणार. तरीही ती काढू नये.

आबोली, केपे

आपल्या बंधूंना एकदा केप्याला घेऊन यावे. येथील पालासियु दु देआंव ही १७८७ ची वास्तू मोडकळीस आली होती. खासगी मालकांनी ती घेऊन हळूहळू दुरुस्त केली आणि आता ती पाहता येते. कुशावती नदीच्या काठची बाग, ओसरी, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या सगळे जागेवर आहे. तोर्डा येथील हाउसेस ऑफ गोवा संग्रहालयातही जुन्या घरांचे भाग जवळून समजतात. पण मला केप्याचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते, कारण तेथे माणसे राहतात आणि जेवणाच्या खोलीत जेवण होते.

आपल्या घरी शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्याही जपाव्यात. चिखलीच्या खाडीत मिळणारा तो शिंपला वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवे शिंपले काढून आणता येत नाहीत. रंगीत काच उद्या पुन्हा मिळेल. शिंपला मिळणार नाही.

माटोळी

सर्वांचे मनापासून आभार. खांबांवर वरून अक्षरे दिसत नाहीत, रंगाचे थर काढायचे बाकी आहे. पश्चिमेच्या भिंतीवर वडिलांच्या काळात सिमेंटचा हात फिरला होता, हे आईने सांगितले; चिरेबंदी यांचा संशय खरा ठरला. मागच्या खोल्यांना शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. त्यांतील अर्ध्यांवर आम्हीच पत्रा ठोकला होता. खांबांसहित स्लॅबचे अंदाजपत्रक आल्यावर बंधू त्या विषयावर बोलेनासे झाले आहेत. पावसाळ्यापूर्वी कौले परतायची एवढे त्यांनी मान्य केले. इन्व्हेंटरीसाठी भावंडांना पत्रे लिहायला घेतली आहेत. आता केवळ छपराचे काम करताना आणि कठड्याला तात्पुरता आधार देताना काय टाळावे, ते कृपया सांगावे. कौलांवर १८६५ असा शिक्का आहे. घर तितके जुने असेल का?

चिरेबंदी

शिक्क्यावरील १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचे स्थापनावर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे. घर रेल्वेनंतरचे, ही आपल्या घरातील समजूत त्यामुळे खोटी ठरत नाही.

कौले एकाच बाजूने सगळी उतरवू नयेत, दोन्ही उतारांवरून समतोल राखत उतरवावीत, नाहीतर आढ्यावर एकाच अंगाने भार येतो. शाबूत कौले धुऊन पुन्हा वापरावीत. वाशांची भिंतीवर टेकणारी टोके प्रथम कुजतात, म्हणून तेथे टोचा मारून पाहावे; टोक मऊ लागले तर संपूर्ण वासा न बदलता तेवढे टोक त्याच जातीच्या लाकडाने सांधता येते. कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घालू नये, वाफ कोंडून रिपा काळ्या पडतात. पन्हळ मात्र या वर्षी नवी बसवावी आणि तिचे पाणी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर सोडावे.

गिलाव्याला आता हात लावू नये. सुटलेले सिमेंट हलक्या छिन्नीने काढून भिंत उघडी ठेवावी, पावसात तिच्यावर झडप बांधावी. चुन्याचे काम नोव्हेंबरनंतर. कळीचा चुना मात्र आजच भिजत घालावा, तो काही आठवडे तरी मुरला पाहिजे. मुरल्यावर एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. गवंड्याने त्यात 'थोडे सिमेंट' टाकण्याचा आग्रह धरला तर दुसरा गवंडी पाहावा.

बीड ठिसूळ असते. कठड्यावर हातोडी चालवू नये आणि गावातल्या वेल्डरकडून तडा सांधून घेऊ नये, शेजारी दुसरा तडा जातो. सैल चौकट खालून लाकडी टेकू देऊन सुताच्या दोरीने बांधून ठेवावी. गंजलेले खिळे काढण्याचे काम पावसाळ्यानंतर, भिंत सुकली की करू. तेव्हा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लागतील. कोणती चौकट कोठली, ते खडूने आकडे घालून आताच नोंदवून ठेवावे, कारण या ओतकामात दोन चौकटी दिसायला सारख्या असल्या तरी भोके एकमेकांना जुळतीलच असे नसते.